राज्याची व्याख्या आणि वंशाची नोंदवही

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात राज्याचे चार घटक सांगितलेले असतात: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. परीक्षेत हा प्रश्न सहसा चुकत नाही. विद्यार्थी चारही घटक पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि गुण मिळवून मोकळे होतात. पुढे हेच विद्यार्थी पदवीधर होऊन शाळांत व कचेऱ्यांत नोकरीस लागतात, वर्तमानपत्रे वाचू लागतात, आणि मग त्यांच्या बोलण्यातून राज्याची एक निराळीच व्याख्या डोकावू लागते. एका रक्ताची, एका वाणाची माणसे असल्याखेरीज देश एकसंध राहत नाही. जेथे नाना वंशांची सरमिसळ झाली तेथे आज ना उद्या फाटाफूट ठरलेलीच, असे चांगला सुशिक्षित माणूसही सहज बोलून जातो. परदेशात कोठे यादवी माजली की 'त्यांच्यात दोन वंश आहेत ना!' एवढ्या एका वाक्यात तिचा उलगडा केला जातो. पुस्तकातील चार घटकांत नसलेला हा पाचवा घटक आला कोठून, आणि तो अनुभवाच्या कसोटीला उतरतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. मराठीत 'राज्य' हा शब्द महाराष्ट्र, कर्नाटक यांसारख्या घटकराज्यांनाही लावला जातो. येथे तो सार्वभौम राज्यसंस्था या अर्थाने वापरला आहे. तसेच 'वंश' म्हणजे शरीराच्या ठेवणीवरून कल्पिलेला गट, आणि 'जनसमूह' म्हणजे भाषा, धर्म, चालीरीती आणि समान पूर्वजांची आठवण यांनी बांधलेला गट, असा भेद येथे केला आहे. व्यवहारात या दोन्ही कल्पना एकमेकींत मिसळतात, आणि सगळ्या घोटाळ्याला तेथूनच आरंभ होतो.

व्याख्येत वंश नाही

२६ डिसेंबर १९३३ रोजी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे अमेरिका खंडातील देशांनी एक करार केला. राज्य कशाला म्हणावे याचे जे उत्तर त्याच्या पहिल्या कलमात दिले आहे, त्याचाच आधार आजही आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक घेतात. कायम वस्ती करून असलेली लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता एवढ्या चारच अटी तेथे घातल्या आहेत. लोकसंख्या एका वंशाची, एका भाषेची वा एका धर्माची असावी असा शब्दही त्यात आढळत नाही. आपल्याकडे कौटिल्याने तर स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र अशी राज्याची सात अंगे सांगितली. त्यांतही वंशैक्य हे आठवे अंग त्याने जोडले नाही. १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात मॅक्स वेबर याने एका प्रदेशात बलप्रयोगाचा अधिकृत मक्ता ज्याच्या हाती ते राज्य, असे म्हटले. राज्य सोडून राष्ट्राकडे वळावे तर १८८२ साली पॅरिसच्या सोर्बाँ विद्यापीठात बोलताना अर्नेस्त रेनाँ यानेही वंश, भाषा आणि भूगोल हे तिन्ही आधार अपुरे ठरवून सामायिक स्मृती आणि एकत्र राहण्याची इच्छा यांवरच राष्ट्राची उभारणी केली.

अर्थात व्याख्या म्हणजे शेवटी शब्दच. विद्वानांच्या शब्दांपेक्षा प्रत्यक्ष अनुभव मोठा, असे कोणी म्हटल्यास ते योग्यच होईल. म्हणून तीन देशांची उदाहरणे घेऊ. तिन्ही आफ्रिकेच्या परिसरातील आहेत आणि तिन्ही १९६० ते १९६८ या अल्प काळात स्वतंत्र झाली. वंशैक्याचा सिद्धान्त खरा असेल तर त्यांचे भवितव्य त्या-त्या वेळीच वर्तवता यायला हवे होते.

एक जनसमूह, तरीही पडझड

पहिले उदाहरण सोमालियाचे. आफ्रिकेतील बहुतेक नवस्वतंत्र देश नाना भाषा व जमातींचे होते. सोमालिया हा त्याला ठळक अपवाद. अल्पसंख्य समाज सोडले तर सर्व लोक सोमाली बोलणारे, सुन्नी मुसलमान आणि एकाच मूळ वंशवृक्षाच्या शाखा म्हणून स्वतःला सांगणारे. २६ जून १९६० रोजी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाले आणि पाचच दिवसांनी, १ जुलै रोजी, इटलीच्या कारभाराखालील दक्षिण भागाशी त्याचे एकीकरण होऊन सोमाली प्रजासत्ताक अस्तित्वात आले. निळ्या ध्वजावरील पांढऱ्या ताऱ्याची पाच टोके ही सोमाली लोकांच्या पाच प्रदेशांची निशाणी होती. त्यांपैकी दोनच प्रजासत्ताकात आले होते. फ्रेंचांच्या ताब्यातील जिबुती, इथिओपियातील ओगादेन आणि केन्याचा ईशान्य भाग हे तीन यायचे होते. १९६४ साली कैरो येथे आफ्रिकी देशांनी स्वातंत्र्यसमयीच्या सीमा अबाधित ठेवण्याचा ठराव केला, तेव्हा सोमालियाने त्याला विरोध केला तो याच कारणाने. जेथे आमचे लोक तेथे आमचे राज्य, ही त्याची भूमिका होती.

पुढचा इतिहास सर्वांसमोर आहे. १९६९ साली सत्ता बळकावणाऱ्या सियाद बारे यांच्या राजवटीत १९७२ मध्ये सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली, साक्षरतेची मोहीम झाली, आणि मग १९७७-७८ मध्ये ओगादेनसाठी इथिओपियाशी युद्ध होऊन त्यात पराभव पत्करावा लागला. पराभवानंतर एकवंशाच्या त्या राज्याने आपल्याच प्रजेत कुळी शोधावयास प्रारंभ केला. १९८८ साली उत्तरेतील हर्गेसा शहरावर सरकारी विमानांनी बाँबवर्षाव केला. १९९१ च्या जानेवारीत बारे यांना पळ काढावा लागला आणि देशात मध्यवर्ती शासन असे उरले नाही. सर्वमान्य संघसरकार स्थापन व्हावयास त्यानंतर २०१२ साल उजाडले, आणि त्याचाही अंमल सर्व देशावर अद्याप बसलेला नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या पडझडीतील एक तपशील विशेष उद्बोधक वाटतो. मध्यवर्ती बँक बंद पडली तरी सोमाली शिलिंगच्या नोटा बाजारात चालतच राहिल्या. व्यापारी परदेशांतून तशाच नोटा छापून आणू लागले आणि नोटेची किंमत हळूहळू तिच्या छपाईच्या खर्चाच्या आसपास येऊन ठेपली. एक भाषा, एक धर्म, एक वंशावळ हे सारे शाबूत असताना नोटेमागचा विश्वास तेवढा नाहीसा झाला, कारण त्या नोटेवर हमी देणारे राज्य उरले नव्हते. रक्ताच्या नात्याला ती हमी देता आली नाही.

याउलट उत्तरेतील जुन्या ब्रिटिश सोमालीलँडने १८ मे १९९१ रोजी वेगळी चूल मांडली. १९९३ साली बोरामा येथे निरनिराळ्या कुळींचे वडीलधारे कित्येक महिने एकत्र बसले आणि त्यांनी सत्तावाटपाची घडी बसवली. बर्बेरा बंदराची जकात हा त्या शासनाचा मुख्य आधार. जगाची मान्यता नसल्यामुळे परकीय मदत व कर्जे जवळजवळ दुर्लभ होती. साहजिकच सरकारला आपल्याच व्यापाऱ्यांकडे आणि वडीलधाऱ्यांकडे कर मागावा लागला, आणि कर देणाऱ्यांनी त्याच्या मोबदल्यात हिशेब मागितला. तेथे स्वतःचे चलन आहे, निवडणुका होतात आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तर सत्तारूढ अध्यक्ष पराभूत होऊन विरोधकाकडे सत्ता गेली. २०२५ च्या डिसेंबरात इस्राएलने मान्यता देईपर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकाही सभासद-देशाने त्याला राज्य मानले नव्हते. तथापि या प्रयोगाचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. पूर्वेकडील लास अनोद भागातील लोकांना हर्गेसाचे शासन एकाच कुळीचे वाटू लागले, आणि २०२३ साली रक्तपात होऊन तो भाग हातचा गेला. ज्यांना हिशेबात वाटा मिळाला ते राज्यात राहिले. ज्यांना तो मिळत नाही असे वाटले ते बाहेर पडले. दोन्हीकडचे लोक सोमालीच होते.

अनेक जनसमूह, तरीही स्थैर्य

दुसरे उदाहरण मॉरिशसचे. या बेटाला मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. फ्रेंच मळेवाले, आफ्रिका व मादागास्करमधून आणलेले गुलाम, १८३४ पासून आलेले भारतीय गिरमिटिये आणि चिनी दुकानदार यांची ती वस्ती. गिरमिटियांमध्ये आपल्या कोकणातील माणसेही होती. त्यांच्या वंशजांची मराठी आज तेथील शाळांत शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी स्वातंत्र्यापूर्वी या बेटाचा अभ्यास केला. वाढती लोकसंख्या, एकट्या उसावरचे अवलंबन आणि जनसमूहांत विभागलेले राजकारण ही लक्षणे पाहून १९६१ साली त्यांनी शांततामय विकासाची आशा फारशी नाही असा निष्कर्ष काढला. १२ मार्च १९६८ या स्वातंत्र्यदिनाच्या दोनच महिने आधी राजधानी पोर्ट लुईत दंगली झाल्या आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. मीड यांचे भाकीत खरे ठरणार असे कोणालाही वाटले असते.

ते खरे ठरले नाही. १९७० साली निर्यात-उद्योगांसाठी सवलती देणारा कायदा झाला आणि कापडउद्योग वाढला. वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन देण्याची पद्धत स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाली होती. ती चालू राहिली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले. १९८२ पासून अनेक वेळा मतपेटीतून सत्तांतर झाले. या देशाला खडे सैन्य नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धेला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला राज्य कोणाचे हा प्रश्न पडत नाही. ते आपलेही आहे याचा पुरावा दर महिन्याला आणि दररोज तिच्या वा त्याच्या हाती पडत असतो.

मॉरिशसच्या घटनेत मात्र एक चमत्कारिक तरतूद आहे. निवडणुकीत ज्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही त्याला पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जागा देता येतात. त्यासाठी हिंदू, मुसलमान आणि चिनी असे तीन समाज मानले असून, ज्याच्या राहणीवरून तो या तिहींपैकी कोणी दिसत नाही तो चौथ्या, सर्वसाधारण समाजात धरला जातो. वंश ठरविण्याची ही कसोटी रक्ताची नसून राहणीची आहे, हे लक्षात घ्यावे. शिवाय या हिशेबाला आधार १९७२ च्या जनगणनेचा. त्यानंतर समाजवार गणना झालेलीच नाही. अल्पसंख्यांची भीती दूर व्हावी म्हणून केलेली ही सोय प्रारंभी उपयोगी पडली. पुढे आम्हांला कोणत्याच समाजाचे नाव लावावयाचे नाही असे म्हणणारे उमेदवार उभे राहिले, त्यांचे अर्ज फेटाळले गेले, आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने या जुन्या आकड्यांवर बोट ठेवले. १९९९ मध्ये दंगलीही झाल्या. म्हणजे मॉरिशस हा काही स्वर्ग नव्हे. परंतु एकवंशी सोमालिया मोडला आणि बहुवंशी मॉरिशस टिकला, एवढे तरी निर्विवाद आहे.

नोंदवहीने घडवलेले वंश

वंशैक्य राज्याला पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही, इतके या दोन उदाहरणांवरून दिसते. पण मग वंशाच्या नावाने एवढा रक्तपात होतो तो का? याचे उत्तर तिसऱ्या उदाहरणात, म्हणजे रुआंडात शोधले पाहिजे.

हुतू, तुत्सी आणि त्वा ही नावे रुआंडात युरोपीय लोक येण्यापूर्वीही होती. गुरेढोरे, जमीन आणि राजदरबाराशी जवळीक यांवरून माणसाची पायरी ठरत असे, आणि त्या समाजात जुलूम नव्हता असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिन्ही गटांची भाषा एक, देवधर्म एक, आणि ते त्याच टेकड्यांवर शेजारी-शेजारी राहत. एकाच कुळीत हुतूही असत आणि तुत्सीही असत. नाईलच्या उगमाचा शोध घेणाऱ्या जॉन स्पेक याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात, या भागातील राज्यकर्ते उत्तरेकडून आलेल्या उच्च वंशाचे असले पाहिजेत, अशी कल्पना मांडली. जर्मन व त्यांच्यानंतर आलेल्या बेल्जियन अधिकाऱ्यांनी तीच खरी मानली. मोजपट्ट्या घेऊन नाकांची व डोक्यांची मापे घेण्यात आली.

कल्पनेचे रूपांतर वस्तुस्थितीत झाले ते मात्र कारकुनाच्या टेबलावर. १९३३-३४ मध्ये बेल्जियन शासनाने गणना करून प्रत्येकाला ओळखपत्र दिले आणि त्यावर तो हुतू, तुत्सी की त्वा याची नोंद केली. तोपर्यंत चार गुरे वाढली वा दरबारची कृपा झाली तर माणसाची पायरी बदलू शके. आता बापाची नोंद ती मुलाची नोंद झाली. ओळखपत्रावर या रकान्याला जो शब्द वापरला गेला तो 'उब्वोको' हा. रुआंडाच्या भाषेत पूर्वी तो कुळीसाठी वापरला जाई. ज्या शब्दात हुतू व तुत्सी एकत्र येत होते तोच शब्द त्यांना वेगळे करण्याच्या कामी आला.

ही नोंद नुसती कागदावर राहती तर कदाचित ती विसरलीही गेली असती. ती विसरली गेली नाही, कारण तिच्याशी आर्थिक लाभहानी बांधली गेली. मुखियांच्या जागा तुत्सींना, चांगल्या शाळांत प्राधान्य तुत्सींना, आणि वेठीचा मोठा भार हुतूंवर, अशी व्यवस्था होती. १९५९ च्या उठावानंतर आणि १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर पारडे उलटले. ओळखपत्र मात्र तसेच राहिले. १९७३ मध्ये सत्तेवर आलेल्या हब्यारिमाना यांच्या काळात शाळाप्रवेश आणि नोकऱ्या यांना त्याच नोंदीवरून मर्यादा घातल्या गेल्या. मालमत्तेप्रमाणे ज्या नोंदीवर उत्पन्न अवलंबून असते तिची माणसे प्राणपणाने जपणूक करतात, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. त्यातच १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोसळून कॉफीचे भाव घसरले, आणि ज्या देशाची निर्यात मुख्यतः कॉफीवर चालते त्याची तिजोरी रिकामी झाली. १ ऑक्टोबर १९९० रोजी निर्वासित तुत्सींच्या सशस्त्र संघटनेने सीमा ओलांडली आणि युद्ध सुरू झाले. तिजोरी रिकामी झालेल्या, लढाईत अडकलेल्या सत्ताधाऱ्यांना शत्रू हवा होता, आणि त्याची यादी साठ वर्षांपूर्वीच तयार होती.

एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवस चाललेल्या संहारात आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. रुआंडा सरकारचा आकडा दहा लाखांहून अधिक आहे. रस्तोरस्ती नाकी उभारून लोकांना ओळखपत्र दाखविण्यास सांगितले जाई. ज्या गटांना निसर्गानेच वेगळे केले असे सांगितले जात होते, त्यांतील माणूस ओळखण्यासाठी मारेकऱ्यांना कागद पाहावा लागत होता! यापेक्षा त्या वंशसिद्धान्ताचे खंडन ते कोणते? पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर झाँ-पॉल अकायेसू यांचा खटला चालला, तेव्हा भाषा व संस्कृती एकच असलेल्या तुत्सींना वेगळा समूह म्हणता येईल काय, हा पेच न्यायाधीशांपुढे आला. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालपत्रात त्यांनी तुत्सींना संरक्षित समूह मानले, आणि त्यासाठी सरकारी ओळखपत्रांचा व कायद्यांतील नोंदींचा आधार घेतला. नोंदवहीने निर्माण केलेला समूह न्यायालयात नोंदवहीच्याच साक्षीने सिद्ध झाला.

रुआंडाने १९९४ नंतर ओळखपत्रावरील तो रकाना काढून टाकला. ते योग्यच झाले. परंतु फुटीरतेविरुद्धच्या कायद्यांचा वापर तेथे विरोधकांची तोंडे बंद करण्यासाठीही होतो, अशी टीका सातत्याने होत आली आहे. रकाना खोडल्याने विश्वास आपोआप निर्माण होत नाही. तो शासनाला दुसऱ्या मार्गाने मिळवावा लागतो.

नाकाच्या मापाचे आपले प्रकरण

हे सारे आफ्रिकेतच घडते असे समजण्याचे कारण नाही. १९०१ च्या भारतीय जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनीही नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता वंशाशी जोडली होती. त्यांच्या वर्गीकरणात मराठे व कुणबी 'शक-द्रविड' ठरले! सरकारी शिक्का असल्यामुळे हे वर्गीकरण पुढे पाठ्यपुस्तकांतही शिरले. त्याचे खंडन करण्यात मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जात व वंश यांवरील आपल्या ग्रंथात रिस्ले यांचीच मापे तपासून त्यांचा सिद्धान्त देशभर लागू होत नाही हे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात मापांचाच आधार घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत, असे प्रतिपादन केले. आणि त्याही आधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत मानवी कवट्यांची मापे घेत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध असावा ही गुरूंची अपेक्षा होती. तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष या मराठी विद्यार्थिनीने मांडला.

त्यानंतर काही वर्षांतच त्याच जर्मनीत १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे झाले. ज्यू वंशाचा कोण हे शरीरावरून ठरविण्याचा कोणताही उपाय सापडेना, तेव्हा आजी-आजोबा कोणत्या धर्मसंस्थेचे सभासद होते हे पाहून 'वंश' ठरविण्यात आला. दक्षिण आफ्रिकेच्या १९५० च्या नोंदणी कायद्यात माणसाचे दिसणे आणि लोकांत त्याला काय मानतात हे पाहिले जाई. एकाच घरातील भावंडे त्यामुळे निरनिराळ्या वंशांत नोंदली जाऊ शकत. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. १९७२ मध्ये रिचर्ड लेवाँटिन या अनुवंशशास्त्रज्ञाने मानवी रक्तघटकांतील फरकांचा हिशेब केला, तेव्हा सुमारे ८५ टक्के फरक हा कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो असे त्याला आढळले. मोठमोठ्या वंशांमधील फरकाच्या वाट्याला थोडेच उरते.

मग आपलेपणाचे काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपलेपणाची भावना नसेल तर माणूस कर कशासाठी देईल, सीमेवर प्राण कशासाठी देईल? त्या भावनेची राज्याला गरज आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की ती राज्याच्या आधी असते की राज्याच्या कारभारातून घडते. एकराष्ट्रीयत्वाचा नमुना म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते त्या फ्रान्सचीच गोष्ट घ्या. १७९४ साली आबे ग्रेग्वार यांनी क्रांतिकारी अधिवेशनापुढे ठेवलेल्या अहवालात शुद्ध फ्रेंच बोलणारे लोक तीस लाखांहून अधिक नसावेत असे म्हटले होते. बाकीच्या कोट्यवधींची फ्रेंच भाषा पुढे शाळांनी, सैन्यभरतीने आणि रेल्वेने घडवली. शिक्षकाचे काम राष्ट्र उभारणीचे आहे असे आपण समारंभांत म्हणतो. त्याचा अक्षरशः अर्थ हा असा आहे.

मोजणी कशासाठी?

या चर्चेचा आपल्याशी असलेला संबंध आता उघड होईल. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरवण्यात आली. अखिल भारतीय जनगणनेतून सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ साली; त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींपुरतेच आकडे मिळत आले. जात म्हणजे वंश नव्हे, हे वर आलेच आहे. तरीही रुआंडाचे उदाहरण पाहून कोणी म्हणेल की मग ही नोंद नकोच.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. अन्याय जातीच्या नावाने झाला असेल तर त्याचे माप जातीचे नाव न घेता काढता येत नाही. न मोजलेली विषमता ही अर्थसंकल्पात कधीच येत नाही. परंतु मोजणी आणि मोजणीत फरक असतो, आणि तो आपल्या कायद्याने पूर्वीच ओळखला आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार गणनेतील व्यक्तिगत नोंद कोणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. तेथे बेरीज सार्वजनिक असते आणि माणूस झाकलेला असतो. रुआंडाच्या ओळखपत्रात याच्या नेमके उलट होते. तेथे बेरजेचे काहीच महत्त्व नव्हते, आणि माणूस मात्र प्रत्येक नाक्यावर उघडा पडत होता. आपल्याकडे जातीचा दाखला असतो हे खरे. पण तो नागरिक आपला हक्क मागण्यासाठी स्वतः काढतो, शिपाई त्याला रस्त्यात अडवून तो मागत नाही. ही मर्यादारेषा पुसट होऊ न देणे, हे या गणनेचे काम करणाऱ्यांचे आणि तिचे निकाल वापरणाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य असे की, आकडे हाती आल्यावर त्यांतून शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि कर्जे किती निघाली याचा हिशेब दिला गेला पाहिजे. गणनेतून सेवा निघाल्या तर ती मॉरिशसच्या वाटेने जाईल. नुसते गट निघाले तर त्या गटांना भांडणाखेरीज दुसरे काम उरणार नाही. तिसरी गोष्ट मुदतीची. १९७२ च्या आकड्यांवर पन्नास वर्षे विसंबून राहिलेल्या मॉरिशसप्रमाणे, एकदा केलेली विभागणी अटळ आहे असे मानण्याचा मोह टाळला पाहिजे. उपाय लागू पडला तर रोग कमी व्हावयास हवा, आणि तो कमी झाला की नाही हे ठराविक काळाने तपासलेही पाहिजे.

येत्या जनगणनेच्या वेळी नेहमीप्रमाणे शिक्षक आणि कारकून हेच घरोघर जातील. त्यांच्या हातातील रकाना ते भरतील तेव्हा राज्य म्हणजे काय, या परीक्षेत पाठ केलेल्या प्रश्नाचे उत्तर तेच प्रत्यक्षात लिहीत असतील. ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याचे रक्त कोणते हे राज्याला ठाऊक असण्याची गरज नाही. त्याच्या घरी पाणी येते काय, मूल शाळेत जाते काय आणि त्याला राज्याकडून काय मिळावयाचे राहिले आहे, हे मात्र राज्याला ठाऊक असलेच पाहिजे.